पाटीवर नाव काय लिहू?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार सांभाळते. आमची कास्टिंग्ज जपानला जायला लागली, तशी तिकडची माणसं कारखाना बघायला येणार असं ठरलं आणि मीटिंगच्या टेबलावर ठेवायच्या नावाच्या पाट्या करायचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांची यादी आली ती फक्त जपानी अक्षरांत. मी फोटो काढून मोबाइलमधल्या ॲपला दाखवला. त्याने एक आडनाव ‘काकुता’ असं वाचलं. खात्री करावी म्हणून दुसरं ॲप उघडलं, तर ‘त्सुनोदा’. डिस्पॅचमधल्या मुलाने तिसऱ्याला विचारलं, तिथे ‘कादोता’. अक्षरं तीच, दोनच. ॲपच बिघडलंय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुढे कळलं की तिन्ही वाचनं बरोबर होती, आणि ‘सुमिदा’ हे चौथंही.

पुण्याच्या एक बाई ऑनलाइन जपानी शिकवतात. जपानी रिवाजाप्रमाणे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडून ‘मॅडम’च निघायचं. पहिल्याच तासाला मी यादी पुढे केली. त्या म्हणाल्या, “नावं शेवटी येतात. आधी अक्षरं शिका.” जपानीत उच्चाराप्रमाणे लिहायच्या दोन लिप्या आहेत, हिरागाना आणि काताकाना. त्यांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा खाली उतरतो. क्रम ओळखीचा वाटत होता, पण बसत नव्हता. मग मॅडमनी सांगितलं की जुन्या काळी ‘सा’चा उच्चार ‘चा’च्या जवळ होता आणि ‘हा’चा ‘पा’. तसं वाचून बघितलं तर क, च, त, न, प, म, य, र, व! पहिलीत पाठ केलेली आपलीच वर्णमाला. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकायचे, त्यांच्या अभ्यासातून ही मांडणी तिकडे रुजली. त्या रात्री मला वाटलं, आता नावं महिन्याभरात वाचते. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा काढली. तिच्यात यातलं एकही अक्षर नव्हतं.

माणसांची नावं बहुतेक कांजीत लिहितात. कांजी म्हणजे चीनमधून गेलेली अक्षरं, ज्यांना आवाजाआधी अर्थ असतो. मी वहीत त्यांना ‘अर्थाक्षरं’ असं नाव दिलं. शब्द ओबडधोबड आहे, पण मला त्याचाच आधार वाटला. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २१३६ कांजी आहेत. त्याशिवाय केवळ नावांसाठी म्हणून मान्य असलेल्या आणखी ८६३. बाळाचं नाव कांजीत लिहायचं तर या २९९९ मधूनच निवडावं लागतं, नाहीतर हिरागाना-काताकाना आहेतच. बाळाचं नाव कोणत्या अक्षरांत लिहायचं हे कायद्याने बांधलेलं असतं, ही गोष्टच मला नवी होती. आपल्याकडे बारशाला आत्या कानात काय सांगते, यात सरकारचा काही संबंध नसतो.

आडनावांसाठी मात्र थोड्या अक्षरांवर बरंच भागतं. मॅडमनी पहिली दिली ती सगळी गावाकडची. डोंगर म्हणजे तीन सुळके. नदी म्हणजे तीन उभ्या रेघा. झाड म्हणजे एक आडवी, एक उभी आणि दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन फांद्या. त्याच झाडाच्या बुंध्याशी एक छोटी आडवी रेघ मारली की ‘मूळ’. शेत म्हणजे चौकोन आणि आत बांध घातल्यासारखी अधिकची खूण. शेत आणि मध्य मिळून तानाका. डोंगर आणि शेत मिळून यामादा. लहान आणि वन, कोबायाशी. दगड आणि नदी, इशिकावा.

मग एका संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी थांबलेच. रोज बघते त्या गाड्या, आणि प्रत्येकीवर कुणाचं तरी आडनाव! होंडा म्हणजे सोइचिरो होंडा: मूळ आणि शेत. सुझुकी म्हणजे मिचिओ सुझुकी, ज्यांनी आधी हातमाग-यंत्रमाग बनवले: घंटा आणि झाड. यामाहा म्हणजे तोराकुसु यामाहा, ज्यांची सुरुवात ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली: डोंगर आणि पान. कावासाकी म्हणजे शोझो कावासाकी, जहाजं बांधणारे: नदी आणि भूशिर. टायरवरचं ब्रिजस्टोन तर मालकांच्या आडनावाचं इंग्रजी करून उलटवलेलं. शोजिरो इशिबाशींनी १९३१ साली कंपनी काढली. इशी म्हणजे दगड, हाशी म्हणजे पूल. टोयोटाच्या मालकांचं आडनाव खरं तर तोयोदा, समृद्ध आणि शेत. १९३६ च्या सुमारास गाड्यांसाठी ‘तोयोता’ हे रूप घेतलं, कारण काताकानात ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. कांजी बदलायची गरजच पडली नाही, कारण तीच दोन अक्षरं तोयोदाही वाचता येतात आणि तोयोताही. या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. गाड्यांच्याच आनंदात होते.

मोल्डिंगच्या सुपरवायझरना आम्ही मामा म्हणतो. त्यांची शेती कागलकडे आहे. त्यांनी विचारलं, “मॅडम, आमच्या ट्रॅक्टरवर कुबोटा लिहिलंय, त्याचं काय?” मी मोठ्या उत्साहाने तीन अक्षरं शोधून काढली. दीर्घकाळ, जपणं, शेत. मामा खूश झाले, दीर्घकाळ जपलेलं शेत! मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं भाषांतर करू नका. ‘कुबो’ म्हणजे खोलगट जागा. त्या आवाजाला जुळतील अशी दोन चांगल्या अर्थाची अक्षरं वापरली आहेत. ‘सुझुकी’तही घंटा आणि झाड बहुतेक आवाजापुरतीच आहेत, कुमानो भागात कापलेल्या भाताच्या राशीला ‘सुझुकी’ म्हणत, तिथून ते आडनाव आलं असं सांगतात. म्हणजे अक्षरांचा अर्थ नावाचा अर्थ असेलच असं नाही. हे मामांना परत जाऊन सांगणं मला जड गेलं.

त्या निमित्ताने कुबोटाची गोष्ट मात्र हाती लागली, आणि ती मला आमच्या कारखान्यात सगळ्यांना सांगाविशी वाटली. ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी, १८९० साली, ओसाकात ती फाउंड्री म्हणून सुरू झाली. भट्टी, मोल्ड, ओतकाम, अगदी आमच्यासारखं. पाण्याचे बिडाचे पाइप ओतून ते वर आले. सुरू करणाऱ्या गोनशिरोंचं आडनाव कुबोता नव्हतंच, ते होते ओदे. कुबोता नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना दत्तक घेतलं आणि नाव बदललं. कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मामांना ही गोष्ट अर्थापेक्षा जास्त आवडली.

यानंतर खरी अडचण आली. डोंगराला ‘यामा’ म्हणतात हे मी पक्कं केलं होतं. मग फुजी पर्वत ‘फुजी-सान’ कसा? मला वाटायचं तो आदरार्थी ‘सान’ असेल, माणसांना लावतात तसा. तसं नाही. डोंगराच्याच अक्षराचं ते दुसरं वाचन. चीनमधून अक्षर आलं तेव्हा तिकडचा आवाजही आला, ‘सान’, आणि जपान्यांचा स्वतःचा शब्द होताच, ‘यामा’. दोन्ही एकाच अक्षरावर बसले. पहिल्याला ओन वाचन म्हणतात, दुसऱ्याला कुन. काही अक्षरांना दोन्ही प्रकारची अनेक वाचनं असतात. यादीतलं ते चार उच्चारांचं आडनाव आता उलगडलं. पहिलं अक्षर कोन, शिंग आणि कोपरा या सगळ्यांसाठी चालतं: काकु, त्सुनो, कादो, सुमी. दुसरं शेत, ते ‘ता’ किंवा ‘दा’. फॉर्म्युला वनचा युकी त्सुनोदा हीच अक्षरं लिहितो. यातलं कोणतं वाचन घ्यायचं याचा नियम मी मॅडमना विचारला. नियम नाही. त्या घराण्यात जे म्हणतात ते.

हासेगावा हे आडनाव शिकताना मी वही मिटून ठेवली. अक्षरं आहेत लांब, दरी, नदी. यातून ‘गावा’ म्हणजे नदी हे कळतं, पण ‘हासे’ कुठल्या अक्षराचं? कुठल्याच एकाचं नाही, लांब आणि दरी या जोडीचं. रात्री भाजीचा हिशोब लिहिताना मला एकदम सुचलं. आपण दोनचा आकडा आणि पुढे एक छेद दोन लिहितो आणि वाचतो ‘अडीच’. त्यात ‘दोन’ ऐकू येत नाही, ‘अर्धा’ही नाही, तरी मराठी माणूस अडखळत नाही. आणि तोच दोनचा आकडा पुढे ‘रा’ लागला की दुसरा होतो. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी अशी अडीचची भावंडं पुढ्यात टाकली. पन्नास आणि वादळ, वाचायचं इगाराशी. एप्रिलची पहिली तारीख, वाचायचं वातानुकी, कारण जुन्या पंचांगात त्या दिवशी थंडीच्या कपड्यांतला कापूस काढून टाकायचे आणि त्या काढण्यालाच वातानुकी म्हणतात. लहान पाखरं खेळतात, वाचायचं ताकानाशी, म्हणजे ‘ससाणा नाही’. ससाणा नाही म्हणून पाखरं निर्धास्त खेळतात! हे आडनाव फार दुर्मीळ आहे. वाचता न येण्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदाच काही वाईट वाटलं नाही.

इतकी डोंगर-शेत-नदीची आडनावं का, हेही विचारलं. सामान्य जपानी माणसाला अधिकृत आडनाव लावायची परवानगी १८७० साली मिळाली आणि १८७५ साली ते सक्तीचं झालं. आधीपासून घरात चालत आलेली नावं पुष्कळांनी नोंदवली, काहींनी नवी घेतली, आणि बरीचशी गावच्या भूगोलातली होती. आपण गावाच्या नावाला ‘कर’ लावतो, ते गावातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवतात: डोंगराखाली यामाशिता, नदीच्या तोंडाशी कावागुची. आपल्या डोंगरे मंडळींना तिकडे बरेच भाऊबंद निघतील.

आडनावांवर थोडा हात बसला आणि मी पुढच्या नावांकडे वळले. तिथे जमीनच सरकली. नावांत ओन आणि कुनच्या पलीकडे तिसरा प्रकार असतो, ‘नानोरी’, म्हणजे फक्त नावांतच चालणारी वाचनं. ‘उंच भरारी’ असं एक अक्षर आहे. १९८१ साली ते नावांच्या यादीत घेतलं आणि आईबापांनी ते डोक्यावर घेतलं. बेसबॉलच्या शोहेई ओतानीच्या नावात ते पहिलं आहे, तिथे ते ‘शो’. एकटं असेल तर शो, काकेरू किंवा त्सुबासा. त्याच्या आधी ‘मोठा’ हे अक्षर जोडलं की एक लोकप्रिय मुलाचं नाव होतं, आणि ते हिरोतो, हारुतो, यामातो, ताइगा असं काहीही असू शकतं. मुलींचंही तेच. एकाच दोन अक्षरांची साचिको किंवा युकिको, दुसऱ्या दोन अक्षरांची युको किंवा हिरोको. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्या जपानी शिक्षकालाही उच्चार विचारावा लागतो. म्हणून तिकडच्या फॉर्मवर नावाच्या वर एक बारीक रकाना असतो, फुरिगानाचा, म्हणजे उच्चार हिरागानात किंवा काताकानात लिहायचा.

आणि ज्याच्यावर माझा विश्वासच बसला नाही ते हे: जपानच्या कुटुंबनोंदवहीत, कोसेकीत, नावाचा उच्चार नोंदवायची कायदेशीर सोयच नव्हती. फक्त अक्षरं. कायदा बदलला आणि २६ मे २०२५ पासून उच्चारही नोंदवायला सुरुवात झाली. आता उच्चार समाजात सर्वसाधारणपणे मान्य असा हवा, ही अटही आली आहे. नावाच्या अर्थावरचा वाद त्याहून जुना. १९९३ साली तोक्योच्या हद्दीतल्या अकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचं नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, ठेवायला घेतलं. दोन्ही कांजी यादीतल्या, नियमात बसणाऱ्या. तरी पालिकेने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, देशभर गाजलं आणि शेवटी आईबापांनी दुसरं नाव दिलं. हे वाचताना माझ्या मनात सारखं त्या बाळाचंच येत होतं. मोठं होऊन त्यालाच तर ते नाव लिहावं लागलं असतं.

उलट बाजूने गेलं तरी सुटका नाही. ‘अकिरा’ ऐकलं म्हणून लिहिता येतं असं नाही. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा लिहायचे ते ‘उजेड’ अर्थाचं अक्षर, पण अकिरा लिहायला कितीतरी वेगळ्या कांजी आहेत. फोनवर नाव सांगताना जपानी माणसं अक्षराची ओळख पटवून देतात, अमक्या शब्दातलं तमकं. एकाच अक्षराची जुनी-नवी रूपंही असतात. वातानाबेच्या शेवटच्या अक्षराची रूपं मोजत बसू नये. ताकाहाशीतल्या ‘उंच’ या अक्षराचं एक रूप मधे शिडीसारखं दिसतं आणि त्याला ‘शिडीवाला ताका’ असंच म्हणतात. मी पाट्यांच्या फाइलमधलं प्रत्येक अक्षर मोठं करून यादीशी ताडून पाहिलं. एका ठिकाणी कॉम्प्युटरने शिडी काढून साधं रूप टाकलं होतं. ज्याच्या आजोबांपासून शिडी आहे त्याला पाटीवर ती नसलेली लगेच दिसणार.

मधेच मला हौस आली की माझंही नाव कांजीत लिहून बघावं. मॅडम म्हणाल्या, परदेशी नावं काताकानातच लिहितात, अर्थ चिकटवायला जाऊ नका. मग त्यांनी योगेंद्र पुराणिकांचं उदाहरण दिलं. हे आपले मराठी गृहस्थ जपानचे नागरिक झाले आणि २०१९ साली तोक्योच्या एदोगावा वॉर्डच्या सभागृहात निवडून आले. निवडणुकीत त्यांनी नाव लावलं ‘योगी’, तेही हिरागानात, दोनच अक्षरं. जपानमध्ये मतदार चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. म्हणून जन्माने जपानी असलेले उमेदवारसुद्धा अवघड कांजी सोडून नावाचा काही भाग हिरागानात लिहितात. नाव लिहिता आलं नाही तर मत कसं पडणार?

घरी सासूबाई हे सगळं ऐकत असायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “तिकडं आपली अंबाबाई हाय काय गं?” मला उत्तर येत नव्हतं, म्हणून शोधलं. आपली अंबाबाई म्हणजे महालक्ष्मी, आणि लक्ष्मी बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचली आहे. तिथे तिचं नाव किश्शोतेन. नारा शहरातल्या याकुशिजी मंदिरात तिचं आठव्या शतकातलं चित्र आहे, भरजरी कपड्यांतलं, तळहातावर मणी घेतलेलं. तिच्या नावातलं पहिलं अक्षर ‘शुभ’. वर योद्ध्याचं चिन्ह, खाली तोंडाचा चौकोन. हे अक्षर मी कुठे तरी पाहिलं होतं. योशिदा! शुभ आणि शेत. लक्ष्मीच्या नावात ‘किची’, नाहीतर जोडून ‘किश’, आणि आडनावात ‘योशी’. सासूबाईंना मी कागदावर ते अक्षर मोठं काढून दिलं. त्यांनी ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आहे.

एवढं शिकूनही मूळ यादी पूर्ण वाचता येत नव्हतीच. शेवटी मॅडमच्या मदतीने जपानला मेल लिहिली. नावांचा उच्चार विचारणं तिकडे अजिबात उद्धटपणाचं नाही, उलट चुकीचं नाव घेऊन हाक मारणं वाईट, हे त्यांनी मला पुन्हापुन्हा सांगितलं, तरी पाठवताना हात थांबला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रत्येक नावापुढे फुरिगाना, आणि खाली विचारल्याबद्दल आभार. चार उच्चारांच्या त्या आडनावाचा उच्चार आमच्या तिन्ही ॲपनी सांगितलेल्यांपैकी एकही नव्हता. तो चौथाच होता.

पाहुणे आले तेव्हा टेबलावर पाट्या होत्या, वर कांजी आणि खाली देवनागरी. त्यांच्यातल्या एक इंजिनिअर बाई पाटी हातात घेऊन देवनागरीवर बोट फिरवत राहिल्या. आपलं नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यांनी विचारलं. मी त्यांच्या नावातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ विचारला, कारण ते माझ्या वहीत नव्हतं. त्यांनी डावा तळहात पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर एकेक फटकारा काढून दाखवला, सावकाश, मला दिसेल असा. मग मला म्हणाल्या, तुम्ही काढा. मी माझ्या तळहातावर काढलं. तिसरा फटकारा उलट दिशेने गेला, तो त्यांनी बोट धरून सरळ करून दिला. शेजारी उभे असलेले मामा लगेच म्हणाले, “मॅडम, त्यांना विचारा की, त्यांच्याकडं कुबोटा हाय का कुणी.”

पुढच्या तुकडीची यादी परवा आली. तिच्यात उच्चाराचा रकाना त्यांनी आपणहून भरला आहे. मी तो हाताने झाकून आधी स्वतः वाचायचा प्रयत्न केला. आडनावांतली बरीच जुळली. पुढच्या नावांतलं एक.